सावडीला दिलेलं तोंड

एका कांद्याच्या हंगामात मी माझ्या पोरीचं तोंड सावडीला दिलं. वाचून तुम्हाला हसू येईल. हसा. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते, कारण ती अक्कल माझीच होती.

सावड म्हणजे काय ते आता आमच्याकडच्या पोरांनाही सांगावं लागतं. आम्ही बारा घरच्या बारा जणी. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या वावरात, अशा फिरून एकमेकींचे कांदे काढायचो. तू माझ्या वावरात वाकलीस, मी तुझ्या वावरात वाकणार, एवढाच करार. कांदा उपटायचा, पातीसकट ओळीनं वाळत घालायचा, आणि पात मलूल झाली की फतकल मारून बसायचं नि विळ्यानं ती कापायची. हात चालू, तोंडंही चालू. विळ्यांना धार लावावी लागायची, तोंडांना नाही.

त्या वर्षी माझी थोरली, वैशाली, बारावीला होती. सतरा वर्षांची. कपाळावर आणि दोन्ही गालांवर पुटकुळ्या उठल्या होत्या. त्या वयात उठतात तशाच, काही जगावेगळ्या नव्हेत. पेपरांच्या मधल्या सुटीत ती हाताशी म्हणून सावडीला आली, आणि पात कापता कापता शेजारची हौसाबाई म्हणाली, "वैशीच्या आई, पोरीच्या तोंडाकडं बगा की जरा. भाताचं रोप टाकल्यागत दाट उगवलंय."

झालं. एक म्हणाली लिंबू चोळा. दुसरी म्हणाली, लिंबानं काय व्हतंय, राख लावा. तिसरीनं आपल्या भाचीचा दाखला दिला. बायका औषधावरून भांडायला लागल्या, तशी मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि निवाडा दिला, "भांडू नका गं बायांनो. ज्या दिवशी जिच्या वावरात सावड, त्या दिवशी तिचं औषध!"

बायका अशा हसल्या की पाटावरचे बगळे उडाले. वैशालीही हसली. थोडंसं. ते थोडंसं हसू मला अजून दिसतं.

आणि एक गोष्ट मला पंचवीस वर्षं कळली नाही. ती नको का म्हणाली नाही? ही पोर कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. चुलत्यानं शाळा सोड म्हटलं तर दोन दिवस न जेवता बसलेली. चहात साखर कमी पडली तर कप सरकवून देणारी. तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि तोंड माझ्या पुढं धरलं. बारा दिवस. का?

यंदाही कांदा निघालाय. दारापुढच्या चिंचेखाली ढीग पडलाय, आणि वारा आला की लालसर साली अंगणभर पळतात, ओट्यावर चढतात, माझ्या चहात पडतात. पारगावच्या साखर कारखान्याचा पट्टा अजून पडायचाय, उसाचं गाळप चालूच आहे. त्या बाजूनं वारा फिरला की मळीचा आंबूस वास येतो आणि कांद्याच्या पातीच्या वासात मिसळतो. हा मिसळलेला वास म्हणजे माझ्यासाठी मार्च महिना. कॅलेंडर बघावं लागत नाही. आता सावड राहिली नाही. पिकअपमधून मजुरांच्या टोळ्या येतात, दोन दिवसांत वावर मोकळं करून जातात. कुणाला कुणाच्या पोरीचं तोंड बघायला सवड नाही. मला कधी कधी वाटतं, बरं झालं.

त्या बारा दिवसांतला पहिला दिवस हौसाबाईचा. लिंबू आणि खायचा सोडा. गालावर फसफसलं, म्हणजे औषध काम करतंय असं आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. मग दात घासायची पेस्ट. पोर दुपारभर पांढरे ठिपके घेऊन बसली आणि मी म्हटलं, "चित्ता दिसतीयस गं." राखेचा दिवस झाला, तुरटीचा झाला. जायफळाच्या दिवशी सहाणेवर उगाळून उगाळून माझा खांदा भरून आला आणि त्याचंही मला कौतुक. एकीनं तर सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या चूळ न भरता स्वतःची शिळी थुंकी लावायची. मी आठवी शिकलेली बाई. पुडीच्या कागदावर सौंदर्याचं पान आलं तर ते कापून ट्रंकेत जपणारी. गावात स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजणारी. मी त्यालाही मान डोलावली.

औषध जिचं तिचं, पण लावायचा हात माझा. कांद्याच्या रसानं चिकट झालेला, नखांत माती भरलेला. पदराला पुसला की स्वच्छ झाला, ही माझी स्वच्छता. लावायच्या आधी वाळल्या घोसाळ्याच्या जाळीनं गाल घासायचे. लाल झाले की मला समाधान. एखादी पुटकुळी पिकलेली दिसली तर दोन नखांत धरून फोडायची. घाण भाईर पडली पायजे, हे माझं शास्त्र. आणि सगळं झालं की धुळीपासून जपायला म्हणून तीच घामट ओढणी, आठ दिवस पाणी न पाहिलेली, तिच्या तोंडावरून गच्च आवळायची. पोरीला जपतेय म्हणून मला स्वतःचाच अभिमान.

वैशालीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "कांद्यानं येतंय," मी म्हणायची. कांद्याच्या वावरात रडायची एक सोय असते. कुणी का म्हणून विचारत नाही.

बघायची सवय तर त्याहून वाईट. पेपर देऊन ती मंचरहून एस.टी.नं यायची, आणि मी दारातच तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवायची. बाजारात भेंडी बघतात तसं. आज कमी वाटतंय. आज डाव्या बाजूला जास्त हाय. तू शेंगदाणे खाल्लेस ना? मग शेंगदाणे बंद केले. चटणीही बंद. तिला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी एवढंच जेवण प्रिय होतं. मी ते ताटातून उचललं आणि त्या जागी कडुनिंबाचा रस ठेवला. तिनं तोही प्याला. तोंड वाकडं न करता. मला वाटलं, शहाणी झाली पोर.

बारावा दिवस माझ्या वावराचा होता. म्हणजे औषध माझं. तोवर तिच्या गालांची सालं निघायला लागली होती, हसताना ओठाच्या कडेला चिरत होतं. कुणालाही भीती वाटली असती. मला घाई वाटली. कारण परीक्षा संपल्यावर, एप्रिलअखेर, जुन्नरकडचे पाहुणे तिला बघायला यायचे ठरले होते. घर चांगलं, विहिरीला पाणी, मुलगा एकुलता. पोरीला शिकायचं होतं हे मला माहीत होतं. पण "बघून तर घेऊ दे" असं म्हणत आया पोरींचं निम्मं लग्न लावून टाकतात, तसं मीही चालवलं होतं.

हौसाबाईच्या मालकांना मांडीवर गजकर्ण झालेलं. त्यांच्याकडं एक ट्यूब होती. ती म्हणाली, "आठ दिसांत कातडं कसं साफ झालं बगा." मी ट्यूबचं रिकामं खोकं मागून घेतलं, पदरात बांधलं आणि माहेरच्या लग्नाचं निमित्त करून आळेफाट्याला उतरले. तिथल्या एका मेडिकलात खोकं पुढं केलं. दुकानदारानं विचारलं, "कुणाला लावायचंय, मावशी?"

"आमच्या मालकाला. मांडीवर हाय."

"मांडीवर ठीक. पण तोंडाला अजिबात लावायची नाही हां. आणि डॉक्टरला दाखवून घ्या एकदा."

"तोंडाला कशाला लावतील ते," मी म्हटलं, आणि पदर तोंडाला लावून हसले. चांगला माणूस होता. त्यानं सांगितलं होतं. तो धडधडीत बोलला आणि मी धडधडीत खोटं बोलले. घरी बसलेल्या बिचाऱ्या नवऱ्याच्या मांडीला गजकर्ण चिकटवून मी एस.टी.त खिडकीशी बसले आणि अख्खा रस्ता गालातल्या गालात हसत आले.

आणि ट्यूब लागू पडली! तेच तर दुःख. लागू पडली नसती तर मी चार दिवसांत फेकली असती. आठ दिवसांत गाल असे निवळले की मीच बघत राहिले. पुटकुळ्या गेल्या, रंग उजळला. मी वैशालीला हाताला धरून बाराही घरी फिरवली, नव्या भांड्यासारखी. ज्या बायकांनी औषधं सांगितली होती त्यांना तिचं तोंड दाखवत म्हटलं, "बघा, हे माझं औषध."

ट्यूब संपली. चार दिवसांत पुन्हा पुटकुळ्या, पहिल्यापेक्षा जास्त. मी दुसरी आणली. गेल्या. थांबवलं की आल्या, दुपटीनं. तिसरी आणली. गालांचं कातडं कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं पातळ झालं, खालच्या लाल शिरा दिसायला लागल्या. चुलीपुढं बसली की तिचे गाल पेटायचे. उन्हात गेली की पेटायचे. साधं पाणी मारलं तरी ती श्वास आत ओढायची. आणि मी काय म्हणायचे? "तूच सारखी आरशात बघतीस. हात लावतीस. म्हणून व्हतंय." आरसा तिनं कधीच उलटा करून ठेवला होता. ते मला नंतर घर झाडताना कळलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी निरोप धाडला, आमच्याकडं सुतक आलंय. कोण गेलं म्हणून विचारणं आलं, तर घाईत तोंडातून माझ्या काकांचं नाव गेलं. काका त्यानंतर चौदा वर्षं जगले. दर दिवाळीला आमच्याकडं येऊन लाडू खायचे, आणि माझ्या घशात माझाच लाडू अडकायचा. हे मी रंगवून सांगते, लोक हसतात. सांगता सांगता मी एक गोष्ट गाळते. निरोप गेल्यावर मागच्या खोलीत गेले तर वैशाली भिंतीकडं तोंड करून बसली होती. "नाही येत ते," मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यामुळं ना?" आणि मी "नाही" म्हणायला उशीर केला. एका श्वासाचा उशीर. तेवढ्यात ती समजून गेली.

जूनमध्ये ती पुण्याला होस्टेलवर गेली. नर्सिंगला. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरांनी ती ट्यूब बंद करायला लावली. बंद केल्यावर तोंड आधी आणखी भडकलं म्हणे. महिनेच्या महिने गेले. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तिच्याकडून नाही. दिवाळीला आली तर घरातसुद्धा तोंडाला ओढणी. आमच्या ह्यांनी विचारलं, "घरात कसलं ऊन गं?" तर म्हणाली, "सवय झालीय, दादा." जेवताना घास घेण्यापुरती ओढणी खाली, मग वर. मी वाढत होते. तिच्या ताटात मी शेंगदाण्याची चटणी वाढली, भरपूर. तिनं खाल्ली नाही. रागानं नाही. बाजूला सारली, जसं आपण आवडत नसलेलं काही सारतो.

मी तिची माफी मागितली नाही. आमच्या पिढीत ती पद्धत नव्हती, असं म्हणून मी सुटका करून घेते. त्याऐवजी तूप पाठवलं. शेवया पाठवल्या. लसूण, कांद्याच्या माळा, कुरडया. तिच्या लग्नात मी इतकी भांडी दिली की जावई म्हणाला, "आत्या, आमची खोली दहा बाय दहाची आहे." जावई चाकणला कंपनीत आहे, गरीब स्वभावाचा. तिच्या गालांवर बारीक खळगे राहिलेत, उन्हात गेली की गाल अजून तांबडे होतात. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. लग्नाच्या फोटोंत ती प्रत्येक वेळी अर्धी वळलेली आहे. कुठल्याही फोटोत दोन्ही गाल एकदम नाहीत.

यंदा तिची मुलगी सई दहावीचे पेपर संपवून सुटीला आली. सोळा वर्षांची. कपाळावर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर पुटकुळ्या. वैशालीनं तिला सोडलं, पाणी प्याली, निघताना ओट्याच्या पायरीवर थांबली. "आई, राग मानू नको. पण हिच्या तोंडाला हात नको लावू."

हळू म्हणाली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मी दोन्ही हात पाठीमागं नेले, शाळेतल्या पोरासारखे, आणि म्हटलं, "बघ, बांधून ठेवले." ती हसली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी माझे हात मागंच होते.

सई दिवसातनं दहादा तोंड धुते. मोबाईल गालाला चिकटवून तासतास बोलते, मग त्याच मोबाईलात तोंड बघते आणि नखानं कोरत बसते. एका सकाळी म्हणाली, "आजी, तुला एखादा घरगुती उपाय माहितीय का? रीलमध्ये एक बाई सांगत होती, कच्चा बटाटा, कॉफी आणि लिंबू."

मी म्हटलं, "का? आज त्या बाईच्या वावरात सावड हाय का?"

तिला काही कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे चल, मंचरला जाऊ. डॉक्टरकडं."

कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, बोलायला मऊ. सईला समोर बसवलं, मला बाजूच्या स्टुलावर. तोंड बघताना त्यांनी आधी विचारलं, "बघू का जरा?" पोरीला विचारून. हे असं विचारायचं असतं हे मला त्या दिवशी समजलं. मग सांगायला लागल्या. दोनदा धुवायचं तोंड, साध्या साबणानं, हातानं, हलकं. खरखरीत काही घासायचं नाही. फोडायचं नाही, कोरायचं नाही, त्यानंच खड्डे पडतात. लिंबू, सोडा, पेस्ट, काही नाही. डोक्याला तेल लावलंत तर कपाळावर येऊ द्यायचं नाही. स्कार्फ रोज धुतलेला, उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी. आणि कुणी सांगितली म्हणून कुठलीही ट्यूब लावायची नाही. "गोऱ्या करणाऱ्या, आठ दिवसांत साफ करणाऱ्या असतात ना, त्यांच्यामुळंच जास्त पोरी येतात माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "हे औषध लिहून देते. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील. धीर धरायचा."

मी विचारलं, "आणि शेंगदाणे?"

"शेंगदाण्यांनी काय होतंय आजी? गोडधोड, कोल्ड्रिंक जरा कमी करा. शेंगदाणे खाऊ देत की."

त्या एकेक 'नाही' सांगत होत्या आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हे केलं. हेही केलं. हेही. सगळा पेपर मी सोडवला होता, एकही प्रश्न न चुकवता, सगळा उलटा. बाहेर आल्यावर सई म्हणाली, "आजी, तू का रडतेस? मला काही सिरियस नाहीये." मी म्हटलं, "स्टँडवर कांद्याचा ट्रक उभा हाय ना." ती इकडं तिकडं बघत राहिली. ट्रक नव्हता.

हौसाबाई आता ऐंशीच्या पुढं. काठी टेकत आली परवा. सईला बघितलं आणि हात पुढं केला. "बगू पोरी. लिंबू हाय का गं घरात?"

मी मध्ये उभी राहिले. "हाय. सरबत करते. प्या आणि गुमान बसा."

"लई डाक्टर झालीस व्हय गं आता?"

"न्हाई वो. नापास झाले."

तिला ऐकू कमी येतं. सरबत पिता पिता म्हणाली, "तुज्या वैशीला पण आसंच व्हतं काय तवा? का न्हवतं?" तिला आठवतच नव्हतं. बारा जणींतल्या सात गेल्या, दोन मुलांकडं पुण्या-मुंबईला, हौसाबाई धरून दोघी अशा, अर्ध्या आठवणीच्या. त्या दुपारी वावरभर पसरलेलं ते हसू कुणाकडंच उरलं नाही. उरलं ते दोघींकडं. मी आणि ती. आणि आम्ही दोघी त्याविषयी पंचवीस वर्षं एक अक्षर बोललो नव्हतो.

रविवारी वैशाली सईला न्यायला आली. दुपारची जेवणं झाली होती, सई आत पंख्याखाली झोपलेली. आम्ही दोघी चिंचेखाली ढिगाला बसून कांदे निवडत होतो. चांगला एकीकडं, जोडकांदा एकीकडं, मऊ लागला की लांब फेकायचा. वैशालीचे हात कामाला अजून तसेच झरझर चालतात. दवाखान्यात इंजेक्शनं देणारे हात, पण कांदा हातात आला की गावचे होतात. सावली सरकली, तिच्या एका गालावर ऊन आलं आणि तो गाल तांबडा व्हायला लागला. मी माझी जागा उठून तिला दिली. ती सावलीत सरकली.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" तिनं विचारलं.

"धुवा, कोरू नका, धीर धरा."

"एवढंच?"

"एवढंच. एवढंच व्हतं गं."

ती कांदे निवडत राहिली. मी म्हटलं, "वैशू, एक विचारू?"

"विचार की."

"तवा तू नको का न्हाई म्हणालीस? तुला आग व्हत व्हती. मला दिसत व्हतं आणि मी बघत नव्हते, ते माझं झालं. पण तू? तू तर तोंडाळ पोर. एकदा माझा हात झिडकारला असतास तरी मी थांबले असते."

"आता कशाला उकरतीस, आई?"

"मला मरायच्या आत ऐकायचंय."

"मरतीस कुठं. अजून समदं गाव पुरून उरशील." ती हसली. मी हसले नाही, तसं तिचंही हसू गेलं. हातातला कांदा तिनं बराच वेळ फिरवला, त्याचा वरचा पापुद्रा अंगठ्यानं सोलत राहिली. आतून सईचा पंखा ऐकू येत होता. मला वाटलं, आता ही उठून जाईल. वाटलं, माझ्यावर ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल. ती माझ्याकडं न बघता, अगदी साधं काही सांगावं तसं, म्हणाली,

"कळत व्हतं मला, आई. आग तर लई व्हायची. पण मोठी झाल्यापासनं तू मला तेवढाच हात लावायचीस. म्हणून मी गप बसायचे."